आजीचं १.१

कोल्हापूरच्या तालमीत घुमणारा पंचवीस वर्षांचा पैलवान आणि त्याची सत्तरीची आजी एकाच लॅबमध्ये रक्त देतात, असं समजा. दोघांचं क्रिएटिनिन १.१. आकडा एकच, पण २०२१ च्या सूत्रात वय आणि लिंग घातलं की पैलवानाच्या मूत्रपिंडांचा गाळण्याचा वेग साधारण ९५ येतो, आजीचा ५४. तीन महिने ६० च्या खालीच राहिला, तर आजी तिसऱ्या अवस्थेत. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; दंड-बैठका मारणाऱ्याच्या रक्तात ते जास्त असायचंच.

इथवर यायला दोनशे वर्षं लागली. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइटनं रुग्णाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, तर अल्ब्युमिन पांढरं साकळलं. १८८६ मध्ये माक्स याफेला क्रिएटिनिनची रंग बदलणारी रासायनिक क्रिया सापडली. तीच पद्धत पुष्कळ लॅबमध्ये अजून चालते. मग आलं १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र. ते २४९ जणांवरून बसवलेलं, आणि ते सगळे पुरुष! बायकांसाठी काय, तर उत्तरातून १५ टक्के कापा. पुढे १९९९ मध्ये १,६२८ जणांवरून नवं सूत्र आलं आणि २००२ मध्ये पाच अवस्था ठरल्या. नोंदींवरून सूत्र शिकायचं, नव्या माणसाला लावायचं. मशीन लर्निंग तरी वेगळं काय करतं?

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मूत्रपिंडविकार निवडलात, तर बहुधा २०१५ मध्ये खुला झालेला एक तक्ता हाती येईल. तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या अपोलो रुग्णालयातल्या ४०० नोंदी, त्यांपैकी २५० आजारी. त्यावर ९९ टक्के अचूकता सांगणारे शोधनिबंध ढिगानं निघालेत. मला त्याचं फारसं कौतुक नाही. पायाला सूज, भूक मेलेली, रक्त कमी, हे त्यातले रकानेच आहेत. एवढं दिसल्यावर गल्लीतला डॉक्टरही तपासणी लिहून देईल. निम्म्याहून जास्त नोंदींत काही ना काही रिकामं आहे.

खरी गरज आहे ती आजीसारख्यांना. सूज नाही, तक्रार नाही. रक्तदाब आणि साखर आताच आवरली तर डायलिसिस लांबवता येईल, कदाचित टळेलही. पण त्या तक्त्यात अवस्थेचा रकाना नाही. क्रिएटिनिन आहे, वय आहे, मग अवस्था आपणच काढू म्हणावं, तर सूत्राला लागणारी तिसरी गोष्ट, बाई की पुरुष, तीही चोवीस रकान्यांत कुठेच लिहिलेली नाही.