जुन्या संगणक-खेळांतील चित्रदोष : एक साधनचिकित्सा

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक-खेळ आजच्या यंत्रावर सुरू केला असता पुष्कळदा त्याचे चित्र बिघडलेले दिसते. रंग भलतेच उमटतात, आकृत्या बसक्या होतात, कधी पडदा काळाच राहतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा केवळ दुरुस्तीचा प्रश्न होय. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या लोकरंजनाचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याच्यापुढे दुरुस्तीच्याही आधी एक प्रश्न उभा राहतो : मूळचे चित्र कोणते? हस्तलिखिताचा अभ्यासक लेखनिकाचा प्रमाद आणि ग्रंथकाराचा प्रयोग यांत जसा भेद करतो, तसाच भेद येथेही करावा लागतो. तो न करता केलेली दुरुस्ती साधनच बदलून टाकते.

या भेदाची आवश्यकता जुन्यात जुन्या उदाहरणांत अधिक स्पष्ट दिसते. आय. बी. एम. कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासाठी सी. जी. ए. नावाचे रंगीत चित्रांचे कार्ड मिळत असे. या कार्डाला दोन तऱ्हेचे पडदे जोडता येत. रंगांचे संकेत निरनिराळ्या तारांतून घेणारा मॉनिटर जोडला, तर ३२० × २०० बिंदूंच्या चित्रात एका वेळी चार, आणि ६४० × २०० बिंदूंच्या चित्रात दोनच रंग मिळत. दूरचित्रवाणी संचाप्रमाणे सर्व संकेत एकाच तारेतून घेणारा पडदा जोडला, की स्थिती पालटत असे. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या पद्धतीत रंगाची माहिती ३.५८ मेगाहर्ट्झच्या लहरीवर वाहिली जाते, आणि ६४० बिंदूंच्या रचनेत त्या लहरीच्या एका आवर्तनात नेमके चार बिंदू मावतात. त्यामुळे काळ्यापांढऱ्या बिंदूंची बारीक मांडणी पडद्याला रंग म्हणूनच वाचता येई. अनेक खेळकर्त्यांनी हा गुण हेतुपुरस्सर वापरला. तेच खेळ दुसऱ्या प्रकारच्या मॉनिटरवर नुसत्या उभ्या रेघा दाखवितात. या रेघा स्मृतीत साठविलेल्या बिंदूंशी तंतोतंत जुळतात. तरीही त्या मूळ चित्र नव्हेत. मूळ चित्राचा काही भाग खेळात होता आणि काही भाग पडद्यात.

दुसरे उदाहरण असे आहे की, त्यात दोष असल्याचे ध्यानातही येत नाही. १९८७ मध्ये आलेल्या व्ही. जी. ए. पद्धतीत ३२० × २०० बिंदू व २५६ रंग ही रचना लोकप्रिय झाली. १९९३ मधील ‘डूम’ हा खेळ याच रचनेत आहे. बिंदू मोजले तर चित्राच्या रुंदी-उंचीचे प्रमाण ८ : ५ भरते, पण तत्कालीन पडद्याचे प्रमाण ४ : ३ असे. अर्थात् त्या पडद्यावरील प्रत्येक बिंदू आपल्या रुंदीच्या १.२ पट उंच होता. आजच्या पडद्याचे बिंदू चौरस असल्याने तेच चित्र दडपल्यासारखे दिसते. मात्र हा नियमही डोळे झाकून लावता येत नाही. काही खेळांतील चित्रे अन्य यंत्रांसाठी काढून नंतर येथे आणलेली आहेत. ती मूळच्या पडद्यावरही ताणलेलीच दिसत. म्हणून प्रत्येक खेळात जे निःसंशय वर्तुळ असावयास हवे, असे एखादे चाक वा चंद्रबिंब शोधून त्याचे मोजमाप घेणे हाच निर्णयाचा विश्वसनीय मार्ग ठरतो.

याहून निराळा प्रकार ‘स्टारक्राफ्ट’ (१९९८) या खेळात आढळतो. त्याच्या चित्रात प्रत्येक बिंदूसाठी रंग साठविलेला नसून रंगाचा केवळ क्रमांक साठविलेला असतो. कोणत्या क्रमांकाला कोणता रंग, हे २५६ घरांचा एक रंगपट ठरवितो, आणि हा रंगपट संपूर्ण पडद्याला सामायिक असतो. विंडोज व्हिस्टा (२००७) आणि विंडोज ७ (२००९) या प्रणालींत पार्श्वभूमीला चालू असलेला डेस्कटॉप या रंगपटातील काही घरे आपल्या उपयोगासाठी बदलत असे. परिणामी खेळातील रंग विस्कटत. खेळणाऱ्यांनी यावर योजलेला उपाय साधा होता : खेळ चालू असेपर्यंत डेस्कटॉप चालविणारा एक्सप्लोरर हा प्रोग्रॅमच बंद करावयाचा. या उपायाला दुरुस्तीइतकेच पुराव्याचेही मोल आहे. एकच गोष्ट बदलली आणि दोष नाहीसा झाला, यावरून दोषाचे स्थान खेळाच्या बाहेर असल्याचे सिद्ध झाले.

काही दोष मात्र खरोखरच खेळात असतात. ते प्रकट व्हावयास काळ जावा लागतो. ओपनजीएल पद्धतीत ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आपल्या अंगच्या जादा सोयींची यादी खेळाला कळवितो. त्या काळच्या कित्येक खेळांनी ही यादी ठराविक लांबीच्या जागेत उतरवून घेतली होती. नवनवी कार्डे निघाली तशी यादी वाढत गेली, आणि एके दिवशी ती त्या जागेत मावेनाशी होऊन खेळ सुरू होताच कोसळू लागला. पुढे काही ड्रायव्हरांत जुन्या खेळांसाठी यादी आखूड करून सांगण्याची सोय करावी लागली. चूक जुनीच होती. तिला उघडे पाडणारी परिस्थिती तेवढी नवी.

सर्वांत अवघड प्रश्न थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या कार्डांनी निर्माण केला आहे. १९९६ मध्ये आलेल्या ‘व्हूडू’ कार्डासाठी कंपनीने ग्लाइड नावाची स्वतःची आज्ञापद्धती रचली, आणि तीवर विसंबून अनेक खेळ लिहिले गेले. डिसेंबर २००० मध्ये कंपनीने आपली मालमत्ता एनव्हिडियास विकण्याचे ठरविले आणि ग्लाइडचा आधार तुटला. आज हे खेळ चालतात ते ‘डीजीव्हूडू’ किंवा ‘एनग्लाइड’ यांसारख्या दुभाषी प्रोग्रॅमांच्या साह्याने. हे दुभाषे ग्लाइडच्या आज्ञांचे आजच्या पद्धतीत भाषांतर करतात, आणि भाषांतर करताना चित्र बहुधा मुळापेक्षा अधिक रेखीव व अधिक रंगसमृद्ध करून देतात. मूळ कार्ड १६ बिटांच्या रंगांत चित्र साठवी आणि ते पडद्याकडे पाठविताना वाटेत गाळून मऊ करी. पडद्याची प्रतिमा संगणकातल्या संगणकात टिपली, तर ती या गाळणीच्या अलीकडची असे. १९९९ मधील ‘व्हूडू ३’ कार्डाच्या परीक्षणांत याच कारणाने वाद माजला : छापलेली प्रतिमा प्रत्यक्ष पडद्यापेक्षा ओबडधोबड दिसे. म्हणजे समकालीन प्रतिमा हासुद्धा येथे निर्विवाद पुरावा ठरत नाही.

या सर्व उदाहरणांवरून एक गोष्ट निष्पन्न होते. खेळाचे चित्र हे प्रोग्रॅम, कार्ड, प्रणाली आणि पडदा या चौघांनी मिळून सिद्ध केलेले असे. यांपैकी प्रोग्रॅम तेवढा जसाच्या तसा उतरवून ठेवता येतो. उरलेल्या तिघांची नक्कल करावी लागते, आणि प्रत्येक नकलेत नक्कल करणाऱ्याचा निर्णय मिसळतो. यास्तव संशोधकाने एका वेळी एकच घटक बदलून दोषाचे स्थान निश्चित करावे, आणि केलेला प्रत्येक बदल चित्रासोबत नोंदवावा : कोणता दुभाषा, कोणते प्रमाण, कोणता पडदा. अशी नोंद नसलेले चित्र प्रबंधात छापले, तर पुढील अभ्यासक दुरुस्त करणाऱ्याची आवडनिवड हीच त्या काळाची अभिरुची समजण्याचा धोका आहे. काचेच्या नळीचे पडदे आता जवळपास कोणी बनवीत नाही, आणि जे उरले आहेत ते वर्षागणिक मंद होत आहेत. मूळ चित्राशी ताडून पाहण्याची संधी ते चालू आहेत तोपर्यंतच आहे. त्यानंतर नोंदींवाचून दुसरा आधार राहणार नाही.