सानपाडा, सहा एक्केचाळीस

२६ जुलै २००८, शनिवार, संध्याकाळ. बंगळुरूच्या साखळी स्फोटांना जेमतेम एक दिवस झालाय. नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकी भाडेकरूच्या घरी वाय-फाय चालू आहे. पासवर्ड नाही. भिंतीपलीकडे लॅपटॉप उघडणाऱ्या कुणालाही ते खुलं आहे.

६:४१च्या सुमारास. वृत्तवाहिन्यांकडे मेल येतो. पाच मिनिटांत सूड घेण्याची धमकी. एवढ्या वेळात कुठला बाजार रिकामा करणार?

६:४५च्या सुमारास. अहमदाबादेत पहिला स्फोट. पुढच्या सुमारे सत्तर मिनिटांत वीसहून अधिक. जखमींना सिव्हिल आणि एल.जी. रुग्णालयांत नेलं, तर तिथेही बॉम्ब पेरलेले. ५६ जीव गेले.

त्यानंतर. आयपी पत्त्याचा माग काढत महाराष्ट्र एटीएस सानपाड्याच्या दारात पोहोचते. आयपी घर दाखवतो, मेल पाठवणारा हात नाही. त्या मिनिटाला राउटरला कोण जोडलेलं होतं, ही नोंद घरगुती राउटर फार काळ ठेवत नाही. संशय मात्र त्या भाडेकरूवर येतो, आणि खरा माणूस तोवर निघून गेलेला असतो.

२३ ऑगस्ट. आणखी एक मेल. या वेळी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं वाय-फाय. सातारा-सांगलीतल्या कॉलेजांनी आणि पतसंस्थांनी इथे थांबून विचार करावा, असं मला कळकळीने वाटतं. ऑफिसच्या वाय-फायला पासवर्ड असला, तरी एखाद्याने सोयीसाठी स्वतःचा राउटर लॅबच्या वायरला जोडला की मागचं दार उघडलंच. तो शोधायचा कसा? लॅपटॉप किंवा मोबाइल घेऊन मजल्यामजल्यावर फिरायचं, ऐकू येणाऱ्या प्रत्येक सिग्नलचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) आपल्या राउटरांच्या यादीशी ताडायचा, अनोळखी सिग्नल जिथे सर्वांत जोरदार तिथे कोपरे तपासायचे. मग नेटवर्क स्विचवर बघायचं, तो डबा कुठल्या पोर्टला लागलाय. नाव छुपं ठेवलेला राउटरही लहरी सोडतोच. शेजाऱ्याचा सिग्नल आपल्या वायरीवर दिसत नाही, म्हणून ही दुसरी पायरी गाळायची नाही. फेरी एकदा मारून भागत नाही. नवा डबा उद्याही लागू शकतो.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ. दिल्लीत स्फोट. त्याच सुमारास मेल, चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. दोन महिन्यांच्या आत मुंबई परिसरात तिसऱ्यांदा तीच युक्ती.

फेब्रुवारी २००९. दूरसंचार विभाग इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना देतो. सानपाड्याच्या मेलला तेव्हा सात महिने होत आलेले असतात.