बार्शी, उस्मानाबाद आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा महाराष्ट्रातल्या बायकांचा जुना शत्रू, पण त्याची मोजदाद फार उशिरा सुरू झाली. 1941 मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांनी रुग्णांच्या नोंदी समाजवार तपासल्या. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग जास्त आणि पारशी स्त्रियांत स्तनाचा जास्त, हा फरक त्यांनी पुढे आणला. राहणीमान, लग्नाचे वय आणि बाळंतपणांची संख्या यांचा रोगाशी संबंध असावा, या विचाराला त्यातून बळ मिळाले. 1963 मध्ये मुंबईत देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. हे सगळे शहरापुरते होते. खेड्यातली बाई कशाने गेली याची नोंद कुठेच होत नसे.

ती उणीव 1987 मध्ये बार्शीने भरून काढायला घेतली. सोलापूर जिल्ह्यातले बार्शी आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातले परंडा व भूम अशा तीन तालुक्यांची ही देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय तिचे केंद्र, आणि डॉ. भगवान नेने व डॉ. कस्तुरी जयंत तिचे आधारस्तंभ. इथे रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत वाट पाहून चालणार नव्हते. कार्यकर्ते गावोगाव फिरत, बैठका घेत, लक्षणे समजावून सांगत. अंगावरून पांढरे किंवा लाल जाणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसणे या गोष्टी घरात कुणी बोलत नसे. त्या चारचौघींत बोलल्या जाऊ लागल्या. काही वर्षांतच या भागातून येणाऱ्या रुग्णांत आजार लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण वाढले. कुठलेही यंत्र न आणता, नुसत्या बोलण्याने मिळालेले हे यश या इतिहासात अनेकदा दुर्लक्षित राहते.

लक्षणे दिसण्याआधीच रोग गाठायचा तर तपासणी हवी. जॉर्ज पापानिकोलाउ यांची पॅप चाचणी 1940 च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत रुळत गेली आणि तिने तिथले मृत्यू खूप कमी केले. पण तिच्यात गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन पाहतात; त्यासाठी काचपट्टी वाचणारे तरबेज तंत्रज्ञ, प्रयोगशाळा आणि वारंवार तपासणी लागते. तालुक्याच्या गावी यातले काहीच नव्हते. दुसरा मार्ग व्हिनेगरचा. स्पेक्युलम लावून गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्लाचा बोळा फिरवायचा, मिनिटभर थांबायचे आणि चांगल्या उजेडात पाहायचे. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. प्रशिक्षित परिचारिका ते जागीच सांगू शकते. तिसरा मार्ग विषाणू शोधण्याचा. हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 मध्ये या कर्करोगाच्या गाठींत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) 16 क्रमांकाचा प्रकार दाखवला आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

या तिन्हींत सरस कोणता, याचा निवाडा उस्मानाबाद जिल्ह्याच्या खेड्यांत झाला. 1999 मध्ये सुरू झालेल्या चाचणीत 52 ग्रामसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया होत्या. एका गटाची एचपीव्ही, दुसऱ्याची पॅप, तिसऱ्याची व्हिनेगर चाचणी प्रत्येकी एकदाच झाली. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, बार्शीचे पथक आणि टाटा रुग्णालय यांनी 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ वर्षांत तपासणी नसलेल्या गटात 64 मृत्यू झाले आणि एचपीव्ही गटात 34. ज्यांच्यात विषाणू आढळला नव्हता, त्यांच्यापैकी एकही या रोगाने दगावली नाही. पॅप आणि व्हिनेगर यांनी मात्र मृत्यूंत लक्षणीय घट केली नाही. एकाच तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळपास अर्ध्यावर येते, हे जगाला मराठवाड्यातल्या शेतकरी बायांमुळे कळले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून वेगळा प्रयोग चालला होता. डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकाने दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी व्हिनेगर तपासणी करवली. सुमारे 75 हजार स्त्रियांच्या गटात मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. उस्मानाबादेत न साधलेले मुंबईत साधले. फेऱ्या पुन्हापुन्हा झाल्या, हे त्याचे एक कारण असावे.

या यशाला एक दुखरी बाजू आहे. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडिगल या तिन्ही चाचण्यांच्या तपासणी नसलेल्या गटांत मिळून किमान 254 स्त्रिया या रोगाने मेल्या. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा यांनी हा मुद्दा लावून धरला. भारतात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, त्या गटांना आरोग्यशिक्षण दिले होते, असा बचाव झाला. तो खरा आहे; पण तपासणीने जीव वाचतात हे आधीच ठाऊक असताना तो पुरेसा वाटत नाही.

एचपीव्हीवरील लसीच्या इतिहासातही बार्शीचे नाव आहे. 2009 मध्ये मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारी चाचणी देशातल्या नऊ ठिकाणी सुरू झाली. बार्शी त्यातले एक. आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पातील मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठले आणि 2010 मध्ये सरकारने या चाचणीतही लस देणे थांबवले. ते मृत्यू लसीमुळे नव्हते. डोस अर्धवट राहिल्याने हजारो मुलींना एकच मिळाला. त्यांचा पाठपुरावा मात्र सुटला नाही, आणि 2021 मध्ये दिसले की एका डोसनेही एचपीव्ही 16 आणि 18 चा टिकून राहणारा संसर्ग सुमारे 95 टक्के रोखला जातो. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने एक डोसही पुरेल असा सल्ला दिला. त्याच 2022 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या लसीला परवानगी मिळाली.

सरकारने 2016 मध्ये 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणीचे धोरण आखले. तरीही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या दोन टक्क्यांहूनही कमी निघाल्या.