आरबी प्रथिन

कोशिकेच्या (पेशीच्या) विभाजनावर नियंत्रण ठेवणारे, ९२८ ॲमिनो अम्लांचे बनलेले प्रथिन. डोळ्याच्या जालपटलात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा ह्या मारक अर्बुदाच्या (गाठीच्या) अभ्यासातून त्याचा शोध लागला व त्यावरूनच त्याला हे नाव मिळाले. एखाद्या जीनाचे (जनुकाचे) कार्य नष्ट झाल्यानेही कर्करोग उद्‌भवू शकतो, हे ह्या संशोधनामुळे स्पष्ट झाले.

रेटिनोब्लास्टोमा सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकास होतो व बहुधा वयाच्या पाचव्या वर्षाआधी आढळतो. बाहुलीत दिसणारी पांढरी चकाकी हे त्याचे प्रमुख लक्षण होय. स्कॉटिश शस्त्रक्रियाविशारद जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ मध्ये ह्या रोगाचे वर्णन करून रोगग्रस्त डोळा काढून टाकण्याचा उपाय सुचविला. पुढे शस्त्रक्रियेने वाचलेल्या रुग्णांना अपत्ये झाली, तेव्हा काही कुटुंबांत हा रोग पुढील पिढीत उतरतो, असे दिसून आले.

अमेरिकन वैद्य ॲल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये ४८ रुग्णांच्या नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण केले. आनुवंशिक प्रकारात अर्बुदे लवकर व पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत होतात, तर अन्य प्रकारात ती उशिरा व एकाच डोळ्यात होतात. यावरून अर्बुद होण्यास दोन उत्परिवर्तने (जीनांतील आकस्मिक बदल) लागतात व आनुवंशिक प्रकारात त्यांपैकी एक जन्मतःच असते, असा सिद्धांत त्यांनी मांडला. वेब्स्टर कॅव्हेनी व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये त्यास पुष्टी दिली. १९८६ मध्ये स्टीव्हन फ्रेंड, रॉबर्ट वाइनबर्ग, थॅडियस ड्रायजा व त्यांचे सहकारी यांनी तेराव्या गुणसूत्रावरील हा जीन अलग केला. अर्बुदरोधी जीनांपैकी अलग केला गेलेला हा पहिला जीन होय.

कार्य : विश्रांत कोशिकेत आरबी प्रथिन ई२एफ ह्या प्रथिनांना बांधून ठेवते, त्यामुळे डीएनए दुप्पट होण्यास लागणारे जीन कार्यान्वित होत नाहीत. वाढीचा संदेश मिळताच सायक्लिन-डी व त्याची सहकारी एंझाइमे (सीडीके४ व सीडीके६) आरबीला फॉस्फेट गट जोडू लागतात. पुढे सायक्लिन-ई व सीडीके२ ही क्रिया पूर्ण करतात, ई२एफ मोकळे होते आणि कोशिका विभाजनाकडे वळते. विभाजनानंतर फॉस्फेट गट निघून जातात व नियंत्रण पूर्ववत होते. आरबीच नसेल, तर संदेशावाचूनही विभाजन चालू राहू शकते.

हे नियंत्रण अन्य मार्गांनीही ढळते. ॲडिनोव्हायरसाचे एक प्रथिन आरबीला चिकटते, असे १९८८ मध्ये व गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगास कारणीभूत असणाऱ्या पॅपिलोमा व्हायरसाचे ई७ प्रथिनही तसेच वागते, असे १९८९ मध्ये आढळले. फुप्फुसाच्या लघुकोशिकी कर्करोगात आरबी बहुतेक वेळा निकामी झालेले असते.

सीडीके४ व सीडीके६ यांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध स्तनांच्या काही कर्करोगांकरिता २०१५ मध्ये अमेरिकेत संमत झाले. मात्र आरबी शाबूत असेल तरच ते उपयोगी पडते. सदोष जीन अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. रक्तातील जीनाच्या परीक्षेने तो दोष न आढळलेल्या भावंडांची भूल देऊन वारंवार करावी लागणारी नेत्रतपासणी टळते. दोष आढळल्यास अर्बुद लहान असतानाच उपचार करून दृष्टी वाचविणे पुष्कळदा शक्य होते.