उजळाईवाडीचा माळ

कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ मध्ये. त्यानंतर पन्नास वर्षं व्हायच्या आत विमानाचीही सोय झाली. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांनी १९३९ मध्ये उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ उभारला. पुढच्याच वर्षी महाराज गेले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. मग कितीतरी वर्षं विमानसेवा सुरू व्हायची, बंद पडायची. आमची आजी म्हणायची, "हे इमान म्हंजे ईदचा चाँद. दिसलं तर दिसलं!"

'उडान' योजनेतून २०१८ मध्ये मुंबईचं विमान पुन्हा सुरू झालं. मार्च २०२४ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. तिच्या कमानी जुन्या वाड्याची आठवण देतात. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारसा यादीत गेला. अंबाबाईला येणाऱ्यांत आता गड बघणारेही वाढतील. वाढावेतच.

पण या विस्तारासाठी शेजारच्या गडमुडशिंगीची जमीन गेली, हे कमानीखाली उभं राहून कळत नाही. तिथल्या माझ्या एका स्नेह्याबरोबर मी परवा पाहुण्यांना आणायला गेलो होतो. विमानाला उशीर होता. तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

"हितं आमची हीर हुती," एवढंच म्हणाला.