‘जिझेल’ कारखान्यात येते

बॅले म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरेशुभ्र झगे, पायाच्या बोटांवर तरंगणाऱ्या मुली आणि युरोपातला एखादा राजवाडा येतो. या चित्रात बांगलादेशातून लंडनला गेलेल्या मुसलमान घरातला मुलगा कुठे बसतो? अक्रम खान या नृत्यरचनाकाराची वाटचाल हे या प्रश्नाचं उत्तर आहे.

अक्रमचा जन्म लंडनमध्ये १९७४ साली झाला. सातव्या वर्षी तो कथक शिकू लागला. गुरू होते बिरजू महाराजांचे शिष्य प्रताप पवार. पीटर ब्रूक यांच्या गाजलेल्या ‘महाभारत’ या नाटकाच्या १९८७ ते १९८९ या काळातल्या जगभरच्या दौऱ्यात हा मुलगा होता आणि त्याच्या वाट्याला आली होती एकलव्याची भूमिका. शिकण्याची आस असलेला, पण दाराबाहेर ठेवलेला एकलव्य! पुढे त्याने पाश्चात्त्य आधुनिक नृत्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि २००० साली फारुख चौधरी यांच्यासोबत स्वतःची संस्था काढली.

२००२ च्या ‘काश’ या रचनेचं नेपथ्य आपल्या मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांचं होतं, संगीत नितीन साहनी यांचं. २०११ च्या ‘देश’मध्ये तो एकटाच रंगमंचावर उभा राहून वडिलांच्या मुलखाशी बोलला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यातही त्याचं नृत्य होतं. आणि २०१६ साली, इंग्लिश नॅशनल बॅलेच्या तेव्हाच्या प्रमुख तमारा रोहो यांच्या निमंत्रणावरून, त्याने थेट ‘जिझेल’ला हात घातला.

‘जिझेल’ हे बॅलेतलं सोवळ्यातलं देवघर. पॅरिसमध्ये १८४१ साली ते प्रथम रंगमंचावर आलं. मला त्याची ओढ वाटते ती आणखी एका कारणाने. या नृत्यनाट्याच्या मुळाशी दोन कवी आहेत. हाइन्रिश हाइने या जर्मन कवीने लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांविषयी, म्हणजे ‘विलीं’विषयी लिहिलं होतं. ते वाचून फ्रेंच कवी तेओफिल गोतिये याला कथानक सुचलं. जिझेल ही खेड्यातली मुलगी. तिच्या प्रेमात पडलेला आल्ब्रेख्त गावकऱ्याच्या वेशात येतो, पण असतो सरदार, आणि त्याचं लग्न आधीच ठरलेलं असतं. हे कळताच तिला वेड लागतं आणि ती मरते. दुसऱ्या अंकात विली त्याचा सूड घ्यायला निघतात, पण मेलेली जिझेलच त्याला वाचवते.

अक्रमने गाव काढून टाकलं आणि तिथे बंद पडलेला कपड्यांचा कारखाना आणला. जिझेल आता काम गेलेल्या स्थलांतरित कामगारांपैकी एक आहे. मध्ये एक प्रचंड भिंत, आणि तिच्या पलीकडे मालक. आल्ब्रेख्तची वाग्दत्त वधू भरजरी पोशाखात येते, तेव्हा जिझेल त्या कापडाला हात लावते. ती कारागिरी तिच्या ओळखीची असते, कारण ती तिच्याच कारखान्यातली असते. मूळ ‘जिझेल’मध्येही ती त्या उंची झग्याला स्पर्श करते, पण तिथे ते नवल असतं. इथे त्या स्पर्शात श्रमाचा सगळा हिशेब आहे. दुसऱ्या अंकातल्या विली म्हणजे कारखान्यात राबता राबता मेलेल्या बाया. हातात लांब काठ्या घेऊन त्या पायाच्या बोटांवर उभ्या राहतात. या प्रयोगाची चित्रफीत पाहताना मला २०१३ सालची बांगलादेशातली राणा प्लाझाची दुर्घटना आठवल्याशिवाय राहिली नाही. तिथे इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली, त्यांतले बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते.

या बॅलेचा पहिला प्रयोग मँचेस्टरला झाला, हेही ध्यानात घेण्याजोगं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात मुंबईचा कापूस तिथल्या परिसरातल्या गिरण्यांना जात होता, आणि त्या पैशाने आपलं शहर बदललं. गिरण्यांचे भोंगे तिकडेही थांबले, इकडेही.

आता पायांविषयी थोडं. बॅले जमिनीपासून सुटू पाहतो. नर्तिका कडक टोकाच्या बुटात शरीराचं सगळं वजन बोटांवर तोलते, पण प्रेक्षकाला ते वजन दिसता कामा नये. कथक जमिनीला सोडत नाही. तत्कारात तळवा जमिनीवर आपटतो आणि घुंगरू त्याची साक्ष देतात. अक्रमने या दोन पायांना एकत्र आणलं. जिझेलसोबतच्या समूहाच्या हालचालींत तो जमिनीकडे ओढणारा भार जाणवतो आणि विलींच्या वेळी तोच भार वर उचलला जातो. कामकरी माणसाचं वजन त्याने बॅलेत दिसू दिलं, असं मला वाटतं.

‘तुम्ही मुसलमान, मग कविता मराठीत कशी?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे, बहुतेकदा कौतुकाने. त्या कौतुकात एक भिंत असते. भाषा माझ्या आईच्या ओव्यांतून, बाजारातून, शाळेतून आली, एवढंच माझं उत्तर. अक्रमलाही बॅले कुणाच्या वारशाने मिळाला नाही. त्याने तो शिकून घेतला, त्याच्या जुन्या कथेतल्या बाईला काम दिलं, तिच्या मेलेल्या सोबतिणींना उभं केलं. शेवटी आल्ब्रेख्त जिवंत राहतो, पण भिंतीबाहेर, एकटा. जिझेलने त्याला माफ केलेलं असतं. भिंत मात्र जागच्या जागी असते, आणि ती बांधणारे लोक रंगमंचावर कुणाचीच माफी मागत नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)