फुग्याची बाही आणि सावित्रीचे खोरे

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड, दासगाव अशी गावे मागे टाकत बाणकोटपाशी समुद्राला मिळते. या खोऱ्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. रायगड आहे, बंदराचा जुना व्यापार आहे, चवदार तळ्याचा सत्याग्रह आहे. माझ्या शोधाचा विषय त्यांच्यापुढे किरकोळ वाटेल. या खोऱ्यातल्या घरांत क्रोशाने आणि लोकरीने काय विणले गेले आणि त्याची नोंद का राहिली नाही, एवढाच तो प्रश्न आहे. त्याकडे मी वळले ते एका नव्या कपड्यामुळे.

गेल्या काही वर्षांत महाडच्या कॉलेजातल्या मुलींच्या अंगावर हाताने विणलेले कार्डिगन दिसू लागले आहे. पुढून उघडे, कमरेपर्यंत आखूड, वीण उठावाची, आणि बाह्या चांगल्या फुगलेल्या, मनगटाशी एकदम आवळलेल्या. मुली तिला ‘बलून स्लीव्ह’ म्हणतात; त्यांच्या आज्या ‘फुग्याची बाही’ म्हणत. पुष्कळ जणींचा हा क्रोशाचा पहिलाच कपडा असतो. पहिल्याच प्रयत्नात कार्डिगन कसे जमते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे.

या कपड्याचे पाच तुकडे असतात आणि पाचही सरळ चौकोनी. एक पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या. मुंढ्याला गोलाई द्यावी लागत नाही, गळा कोरावा लागत नाही. आधी साखळ्या घालायच्या, त्यांवर खांबांच्या ओळी चढवत जायच्या. बाहीचा तुकडा मुद्दाम रुंद विणायचा आणि मनगटाशी आल्यावर दोन-दोन खांब एकत्र घ्यायचे. साठ खांबांचे तीस झाले की वरची वीण आपोआप फुगते. मग तिथून खाली मुक्या खांबांची घट्ट पट्टी. उठावाची युक्तीही सोपी आहे. नेहमीचा खांब आधीच्या ओळीच्या डोक्यात घातला जातो. तोच आधीच्या खांबाच्या अंगाभोवती पुढून किंवा मागून घातला की तो वर उचलून येतो. अशा विणीत एखादा टाका सैल किंवा घट्ट झाला तरी चटकन डोळ्यांत भरत नाही. मापातली चूक फुगा पोटात घालतो, हातातली चूक उठाव.

साखळी, खांब, मुका खांब हे शब्द पाहा. कला बाहेरून आली, पण तिला नावे घराच्या दारातून आणि ओटीवरून मिळाली. पोलादपूरकडच्या एका आजींना अक्षरओळख नव्हती, पण विणलेला नमुना हातात दिला की त्या खांब मोजून तो तसाच्या तसा उतरवत. “वाचायचं काय त्यात? खांब मोजायचे आणि चालायचं,” असे त्या म्हणत. माझ्या शोधात अशा बायका अनेक भेटल्या. त्यांचे शिक्षण नमुन्यावरून नमुन्यावर झाले, त्यामुळे कागद मागे राहिलाच नाही.

क्रोशाला आपण आजीची कला म्हणतो, म्हणून ती फार प्राचीन वाटते. सुयांवरचे विणकाम खरोखरच शतकानुशतके जुने आहे. क्रोशाचे छापील नमुने मात्र पहिल्यांदा भेटतात ते ‘पेनेलोपे’ या डच मासिकात, १८२३ च्या सुमारास. पुढे १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस हा तिथल्या असंख्य घरांचा आधार झाला. तिथपासून ही कला व्यापाऱ्यांच्या, लष्करी कुटुंबांच्या आणि मिशनऱ्यांच्या सामानातून जगभर गेली.

त्याच १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीने बाणकोटला, म्हणजे सावित्रीच्या मुखाशी, आपले काम सुरू केले. मग हर्णैला ठाणे झाले. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन हे दांपत्य मराठी शिकण्यासाठी याच किनाऱ्यावर राहिले. पुढे मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. मुलीला शाळेत धाडायला कचरणाऱ्या घरांना हा विषय निरुपद्रवी वाटे, हेही त्याचे एक कारण होते.

आमच्या खोऱ्यात ही कला येण्याच्या वाटा तीन दिसतात. एक खालून, खाडीची. दुसरी वरून, आंबेनळी घाटाची. महाबळेश्वर मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे उन्हाळी ठिकाण झाले, तेव्हा तिथे गोऱ्या मडमांबरोबर लोकरीच्या सुयाही आल्या, आणि पोलादपूर त्या घाटाच्या पायथ्याशी आहे. तिसरी आणि सर्वांत रुळलेली वाट मुंबईची. गिरणीत, गोदीत, पलटणीत गेलेल्या चाकरमान्यांच्या बायका काही काळ मुंबईत राहून परत येत, आणि चाळीतल्या शेजारणीकडून उचललेली वीण बरोबर आणत.

पण दमट, उकाड्याच्या कोकणात लोकरीचे काम काय? याचे उत्तर बाळंतविड्यात आहे. झबली, कुंची, टोपडे यांच्याबरोबर लोकरीचे मोजे आणि छोटासा स्वेटर हवाच. पावसात जन्मलेल्या बाळाला ऊब लागते. मोठ्यांसाठी लोकर म्हणजे घाटावरून आलेले घोंगडे, नाहीतर पलटणीतून सुटीवर आलेल्या माणसाची जर्सी. सुती दोऱ्याचा क्रोशा मात्र घरभर पसरला. दुधाच्या भांड्यावरचे मणी लावलेले झाकण, दाराचे तोरण, रेडिओवरचा रुमाल, गणपतीच्या मखराची झालर, आणि मुलीच्या लग्नात रुखवतावर मांडलेला टेबलक्लॉथ. वस्तूंना क्रोशा मिळाला, अंगाला क्वचितच. म्हणून आजच्या मुली स्वतःसाठी कार्डिगन विणतात ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

हा कपडा अगदीच परका मानायचे कारण नाही. त्याच्या आधी आपल्याकडे येऊन गेलेल्या कपड्यांची नावे तपासून पाहावीत. कार्डिगन हे नाव इंग्लंडच्या एका सरदाराचे. क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, बालाक्लावाच्या लढाईत हलक्या घोडदळाच्या प्रसिद्ध हल्ल्याचे नेतृत्व करणारा लॉर्ड कार्डिगन तो हाच. बटणांच्या लोकरी जाकिटाला त्याचे नाव चिकटले. बालाक्लावाचे नाव लोकरी टोपीला मिळाले. तिला आपण माकडटोपी म्हणतो. झंपर हा शब्द इंग्रजी ‘जंपर’वरून आला. तिकडे तो विणलेला लोकरी अंगरखा, इकडे साडीवरचा शिवलेला ब्लाउज. आणि पोलके? १८४० च्या दशकात पोल्का नाचाचे वेड युरोपभर पसरले, तेव्हा इंग्लंडमध्ये बायकांच्या एका अंगाबरोबरच्या जाकिटाला ‘पोल्का’ म्हणू लागले, आणि ते बहुधा लोकरीचे विणलेले असे. आपल्या पोलक्याचे नाव याच जाकिटावरून आले असे मी मानते. विणीचे जाकीट आपल्या हवेत टिकले नाही, पण त्याचे नाव टिकले.

फुग्याची बाहीही अशीच आली. युरोपात फुगीर बाह्यांची लाट एकदा १८३० च्या आसपास आणि पुन्हा १८९५ च्या आसपास शिगेला पोहोचली. त्याआधी आपली बाई चोळी घाली. गुळेदगुड्डचे खण, पुढे गाठ, बाही दंडाला घट्ट. चोळी अंगाच्या मापाची असते, तिच्यात ढिलाईला जागा नाही. पोलके आले, बटणे आली, आणि बाहीला झालर, चुण्या, फुगा असे शौक करता येऊ लागले. फुग्याची बाही ही शिकलेल्या, शहरात राहिलेल्या बाईची खूण झाली. तिची टिंगलही झाली आणि नक्कलही.

कपडा ही खूण असते, हे महाडइतके स्पष्टपणे फार थोड्या गावांनी पाहिले असेल. १९ आणि २० मार्च १९२७ ला इथे परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या डिसेंबरच्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, जडशीळ हलक्या धातूचे दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. चित्रे आणि टिपणीस या घरांतल्या स्त्रियांनी नव्या पद्धतीने लुगडे नेसायला मदत केली. पुष्कळ जणींनी लगेच बदल केला. एका पिढीने अंगावरचा कपडा बदलून आपली पायरी नाकारली. ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे ज्यांना सांगितले गेले होते, त्यांनी तो कपडा घातला. यापुढे फॅशन हा शब्द हलका वाटत नाही.

क्रोशाही सगळ्यांच्या हाती सारखा आला नाही. त्याला दोरा विकत घ्यावा लागतो आणि दुपारचा मोकळा वेळ लागतो. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते, त्या बायकांचे हात काही रिकामे नव्हते. बांबूच्या कांब्यांची सुपे, टोपल्या, पावसातली इरली त्याच विणत. ऊर्मिला पवार यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘आयदान’ आहे. रत्नागिरीकडे त्यांची आई बांबूची आयदाने विणून घर चालवत होती. एकीचे विणकाम रुखवतावर मांडले गेले आणि कला ठरले, दुसरीचे बाजारात गेले आणि जातीचे काम ठरले. बोटांची हालचाल, मोजणी, ताण सांभाळणे हे कौशल्य दोन्हीकडे एकाच जातकुळीचे आहे.

आणि मोबदला? रुखवताच्या क्रोशाला तो नव्हताच. तिथे मिळे ते कौतुक. पैसे मिळाले तिथेही हिशेब फारसा वेगळा नव्हता. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि तिचा मोठा निर्यात व्यापार झाला. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तिथल्या बायका दिवसचे दिवस लेस विणत, पण त्यांना कामगार न मानता ‘फावल्या वेळात काही करणाऱ्या गृहिणी’ मानले जाई. त्यामुळे मजुरी नाममात्र देता येई आणि नफा व्यापाऱ्याकडे जाई. आपल्याकडे धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला आश्रम किंवा १९०९ चे पुणे सेवासदन यांनी बाईला स्वतःच्या पायावर उभे करण्याचा विचार रुजवला. शिवणकामाला त्यातून शिलाईचा दर मिळाला. क्रोशाला तसा दर कधी मिळाला नाही.

हा प्रश्न आज पुन्हा उभा आहे, कारण कार्डिगन विणणाऱ्या मुलींकडे आता ओळखीतून मागण्या येऊ लागल्या आहेत. समजा, लोकर ५०० रुपयांची, विणायला ३० तास, आणि कपडा विकला १२०० रुपयांना. तासाला २३ रुपयेच पडले. गिऱ्हाईक मात्र म्हणते, “दुकानात याहून स्वस्त मिळतं.” दुकानात मिळते ते बहुतेक यंत्रावरचे असते. सुयांवरची वीण यंत्राला जमते. खऱ्या क्रोशाचा टाका घालणारे कारखानी यंत्र अजून नाही. क्रोशाची नक्कल करणारी वीण यंत्र काढते, पण खांबाभोवती खांब घालणारा हात माणसाचाच लागतो. म्हणून दुकानातला खरा क्रोशाचा कपडा फार स्वस्त असेल, तर कुठे तरी कुणाच्या तरी हाताला फार कमी दिले गेले आहे, हे नक्की धरावे. मुलींनी बाजारभाव न विचारता आधी तास मोजावेत, असे मी त्यांना सांगते.

दुसरी गोष्ट नोंदीची. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ आणि शेकडो घरे पाण्याखाली गेली. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर दरडी आल्या. माणसांच्या दुःखापुढे कपड्यांची गोष्ट काढणे बरे नव्हे, आणि त्या दिवसांत कोणी काढलीही नाही. पण चिखलात गेलेल्या ट्रंकांतून पणजीची तोरणे, आजीचे रुमाल, पन्नास वर्षांपूर्वीचे बाळंतविडे गेले. ज्या कलेचा कागद कधी नव्हताच, तिचा नमुना हाच दस्तऐवज होता. ज्यांच्या घरात तो वाचला आहे, त्यांनी तो धुऊन, वाळवून, डांबरगोळीबरोबर सुती कापडात बांधून ठेवावा. तो कोणी विणला, हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून कागदावर लिहावे. मी विचारत गेले तेव्हा पुष्कळ घरांत वस्तू होती, पण नाव नव्हते. “सासूबाईंच्या सासूबाईंनी केलंय,” एवढेच कळे.

आणि नव्याने विणणाऱ्या मुलींनी कार्डिगनच्या आतल्या बाजूला, गळ्याखाली, कापडाची एक छोटी पट्टी शिवून घ्यावी. तिच्यावर आपले नाव, गाव आणि साल लिहावे. कपडा विकायचा असला तरी लिहावे, भेट द्यायचा असला तर जरूर लिहावे. या कामाला दोन इंच कापड आणि पाच मिनिटे पुरतात.